पदराआडची गाठ

१९८५ची दिवाळी. नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या न्हाणीत आई आत्याच्या पाठीला तेल लावत होती. आत्या माहेरपणाला आली होती. मी पंधरा वर्षांची, पाणी आणून देण्याच्या कामावर. तेल लावता लावता आईचा हात आत्याच्या काखेत थांबला. तिथे हरभऱ्याएवढी गाठ होती. आईनं विचारलं, आत्यानं उडवून लावलं. आईनं पुन्हा विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "ती काय, छातीतली तर कधीची हाये. दुखत नाही ना कुठं, मग काहून दाखवायचं?"

ती गाठ आत्याला लागून दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, जावांना सांगितलं नव्हतं, दवाखान्यात तर पाऊल टाकलंच नव्हतं. दिवाळीनंतर वडील तिला घेऊन मुंबईला गेले. तेव्हा आमच्याकडे मीटरगेज होतं. मानवत रोडला गाडीत बसायचं, मनमाडला गाडी बदलायची. आत्या त्यानंतर दोन वर्षं जगली.

मी डॉक्टर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं. पुढे जे वाचलं ते स्वतःच्या हौसेनं आणि मिळेल तिथून. पण आत्याचं ते दीड वर्ष मनातून गेलं नाही. बाईच्या हाताला गाठ लागते त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाचा जाणता हात त्या गाठीला लागेपर्यंतचा जो काळ असतो, त्याचा इतिहास कुणी लिहिला आहे का, हे मी शोधू लागले. शस्त्रक्रियांचा इतिहास भरपूर मिळाला, यंत्रांचाही मिळाला. या मधल्या काळाचा मात्र तुकड्यातुकड्यांनीच सापडला. हे तुकडे जोडण्याचा हा प्रयत्न आहे.

दुखत नाही, म्हणून

आत्याचा तर्क अडाणी नव्हता. शेतकऱ्याच्या घरात शरीराचं व्याकरण असंच असतं. करट दुखतं, पिकतं, फुटतं आणि बरं होतं. पायाला काटा रुतला की जांघेत अवधाण येतं, काटा निघाला की ते बसतं. गायीच्या कासेला दगडी झाली की सड गरम लागतो, गाय हात लावू देत नाही. आजार म्हणजे ठणका, ताप, पू. जे ठणकत नाही ते आजाराच्या यादीत येतच नाही. पाठीवरचं आवाळू किंवा मनगटावरची चरबीची गाठ घेऊन माणसं आयुष्य काढतात.

परंतु वैद्यकाच्या अगदी जुन्या ग्रंथांनी हा नियम स्तनाच्या किंवा कुठल्याही खोल गाठीला लावू नये, असंच सुचवलेलं आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दहाव्या अध्यायात स्तनरोगांचा विचार आहे आणि अकराव्यात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांचा. अर्बुदाची जी लक्षणं तिथे दिली आहेत ती वाचताना मी थबकले. गोल, जागेवरून न हलणारी, वेदना अगदी थोडी, मोठी, खोल मूळ असलेली, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी अशी ती गाठ. सुश्रुतानं इथे स्तनाच्या कर्करोगाचं वर्णन केलं आहे असा दावा मी करत नाही. अर्बुद शरीरात कुठेही होऊ शकतं असं तो सांगतो आणि आजच्या रोगांची नावं जुन्या शब्दांना चिकटवण्यात अर्थ नसतो. मुद्दा वेगळा आहे. ही सगळी लक्षणं बोटांनी आणि विचारपूस करून कळणारी आहेत. हलते का? दुखते का? केव्हापासून आहे? पिकली का? आजही सर्जन गाठीवर हात ठेवून पहिल्यांदा हेच बघतो.

इजिप्तमधल्या एडविन स्मिथ पपायरस या नावानं ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या लेखातही छातीवरच्या फुगवट्यांचं असंच वर्णन आहे. वैद्यानं हात ठेवावा. गाठ थंड लागली, ताप नसला, पाणी नसलं, तर तिच्यावर उपाय नाही, असं तो लेख सांगतो. म्हणजे नील नदीच्या काठी असो की गंगेच्या, जाणकारांना एक गोष्ट फार पूर्वी कळली होती की थंड, न दुखणारी, न पिकणारी गाठ ही दुखणाऱ्या गाठीपेक्षा जास्त विचार करायला लावणारी असते. ही गोष्ट आमच्या न्हाणीपर्यंत पोचली नव्हती.

इथेच एक उलट गोष्टही सांगायला हवी, नाहीतर वाचणारीच्या पोटात गोळा यायचा. स्तनातल्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये फायब्रोॲडिनोमा नावाची, बोटाखालून निसटणारी गुळगुळीत गाठ सर्रास आढळते. चाळिशीच्या आसपास पाण्यानं भरलेल्या पिशव्या होतात. पाळीच्या आधी स्तन जड आणि गाठाळ होतात, नंतर हलके होतात. अंगावर पाजणाऱ्या बाईला दुधाची गाठ होते, कधी गळू होतं. मार बसल्यावर चरबीची गाठ उरते. आपल्या देशात क्वचित क्षयरोगाचीही गाठ स्तनात होते. म्हणून गाठ लागली याचा अर्थ एवढाच की एक प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर बहुतेक वेळा चांगलं असतं. परंतु ते उत्तर अंदाजानं मिळत नाही, आणि न दुखण्यावरून तर नाहीच नाही.

कुणाचा हात चालेल?

बोटांनी कळतं हे ठीक. पण बोटं कुणाची? आपल्याकडे खरा अडसर इथे होता.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजात, म्हणजे कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, सतरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी भाषणाला उभ्या राहिल्या. अमेरिकेला वैद्यक शिकायला का जाते, हे त्यांना सांगायचं होतं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता की या देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, कारण बायका आपली दुखणी पुरुषांपुढे उघडी करत नाहीत. १८८६ साली त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानं गेल्या. त्याच १८८६ साली मुंबईत बायका-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं आणि एडिथ पीची या इंग्रज डॉक्टरबाई तिथे प्रमुख झाल्या. रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्य घालवलं. या साऱ्या बायांच्या कामाकडे आपण बाळंतपणाच्या संदर्भात बघतो. परंतु पदराआडची गाठ दाखवता येण्याची पहिली सोयही त्यांनीच केली.

ही सोय मुंबईत होती. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आमची राजधानी हैदराबाद, मोठा दवाखाना हैदराबादचा उस्मानिया. तिथे १९५५ साली कर्करोगाचं स्वतंत्र रुग्णालय झालं, जे पुढे मेहदी नवाज जंग यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. वर्षभरात राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाड्याचं तोंड हैदराबादकडून मुंबईकडे वळलं. आमच्या जुन्या पिढीतली माणसं मोठ्या दुखण्याला 'हैदराबादला नेलं' म्हणायची, नंतरची 'टाटाला नेलं' म्हणू लागली. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच होता, उशीर झाला.

सुरी आधी की सुई?

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या आणि त्यानंतर टाटांच्या विश्वस्त निधीतून ते उभं राहिलं. १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आलं. तिथल्या विकृतिशास्त्र विभागाची पायाभरणी डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी केली. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचा काप बघून निदान पक्कं करण्याची शिस्त त्यांनी या देशात रुजवली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या कमल समर्थ, जन्म १९१७चा. १९४९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली, पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या आणि मुंबईत परतून त्याची प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि या रोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या राजूरला आदिवासी मुलांच्या कुपोषणावर काम करत होत्या. मराठी बाईचं हे काम आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही.

१९६३ साली मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. कुणाला कुठला कर्करोग होतो, हे नोंदीवरून कळू लागलं. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हेही त्यातून पुढे आलं.

पण त्या काळी एखाद्या बाईच्या गाठीचं निदान होत कसं होतं? जगभर बरीच दशकं रीत अशी होती. बाल्टिमोरच्या हॉलस्टेडनं १८९४ साली आपल्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढायचं, ही त्याची पद्धत. १९०५ साली मेयो क्लिनिकच्या लुई विल्सननं गाठीचा तुकडा गोठवून काही मिनिटांत तपासण्याची पद्धत दिली. दोन्ही एकत्र आल्यावर रीत बसली ती अशी : बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा काढायचा, तो गोठवून बघायचा आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. बाई शुद्धीवर आली की छातीला हात लावून तिला कळायचं, आपल्याला काय झालं होतं ते. अमेरिकेत रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईनं स्वतःच्या आजारात या रीतीला नकार दिला आणि निदान वेगळं, उपचार वेगळे ही मागणी लावून धरली. १९७९ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेनं ती मान्य केली. आधी बाईला सांगायचं, मग तिच्याशी बोलून ठरवायचं. ही साधी गोष्ट कळायला वैद्यकाला १९७९ साल उजाडावं लागलं.

हे शक्य झालं ते सुईमुळे. न्यूयॉर्कच्या हेस मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढून तपासण्याविषयी लिहिलं. स्वीडनच्या डॉक्टरांनी १९५० आणि ६०च्या दशकांत ती पद्धत नावारूपाला आणली. तिलाच आज आपण एफएनएसी म्हणतो. आता बऱ्याचदा थोडी जाड सुई वापरून तांदळाच्या दाण्यासारखा तुकडा काढतात, ती कोअर बायोप्सी. या तुकड्यावरून कर्करोग आहे की नाही एवढंच नव्हे, तर असला तर कुठलं औषध लागू पडेल हेही तपासता येतं.

आमच्याकडे सुईविषयी एक पक्का समज आहे. 'गाठीला सुई लावू नये, ती खवळते.' 'तुकडा काढला की आजार अंगभर पसरतो.' हा समज कुठून आला असेल, याचा मी विचार केला आहे. आत्यासारख्या बायका फार उशिरा पोचत. तुकडा काढेपर्यंत आजार आधीच पसरलेला असे. काही महिन्यांत बाई जायची. गावानं जे बघितलं त्याचा क्रम लावला : तुकडा काढला, मग बाई गेली. दोष सुईच्या माथी बसला, उशिराच्या नाही. प्रत्यक्षात सुईच्या तपासणीमुळे बाईचं आयुष्य घटतं असं आढळलेलं नाही. ती टाळल्यामुळे चुकीची शस्त्रक्रिया किंवा उशीर मात्र नक्की होतो.

तिघांची साक्ष

आज गाठीची परीक्षा तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा हाताचा. दोन्ही स्तन, दोन्ही काखा, गळ्याच्या हाडावरची जागा. गाठ घट्ट आहे का, कातडीला किंवा छातीला चिकटली आहे का, कातडीवर खळी पडते का, संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, बोंड आत ओढलं गेलं आहे का, त्यातून रक्तासारखं पाणी येतं का, हे बघायचं.

दुसरा टप्पा चित्राचा. बर्लिनच्या सालोमननं १९१३ साली, काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरण चित्रं अभ्यासली, तिथून मॅमोग्राफीचा उगम धरतात. तिशीच्या आतल्या मुलीचा स्तन घट्ट असल्यामुळे तिथे आधी सोनोग्राफी करतात. वय वाढलं की मॅमोग्राफी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी दोन्ही. अहवालात हल्ली 'बायरॅड्स' असा आकडा असतो आणि त्यानं घरोघर घबराट उडते, म्हणून सांगते. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी चित्रं हवीत. एक म्हणजे काही नाही. दोन म्हणजे आहे ते निर्धोक. तीन म्हणजे बहुधा निर्धोक, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. चार म्हणजे शंका आहे, तुकडा तपासा. या चारच्या पोटात थोड्या शंकेपासून दाट शंकेपर्यंत सगळं येतं. पाच म्हणजे दाट शक्यता. सहा म्हणजे तुकड्यावरून आधीच सिद्ध झालेलं. चार आकडा म्हणजे चौथी पायरी नव्हे. हा घोळ मी स्वतः दोन घरांत निस्तरला आहे.

तिसरा टप्पा सुईचा. तिघांची साक्ष जुळली की निकाल पक्का. एक जण वेगळं बोलत असेल, म्हणजे हाताला शंका पण चित्र स्वच्छ, तर तिथे थांबायचं नाही, पुढे तपासायचं. मॅमोग्राफी स्वच्छ आली तरी हाताला लागणारी गाठ सोडून द्यायची नसते. आमच्याकडे बायका नेमक्या तिथे सुटतात.

बार्शी आणि मुंबई

मग प्रश्न उरतो की ही साखळी सुरू कोण करणार? गावात मॅमोग्राफीचं यंत्र येणार नाही. इथे आपल्याच महाराष्ट्रात झालेलं दोन ठिकाणचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं.

बार्शीला टाटा रुग्णालयाच्या सहकार्यानं ग्रामीण कर्करोग प्रकल्प उभा राहिला आणि १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातल्या नोंदणीत कर्मचारी दवाखान्यांत जाऊन कागद बघतात. बार्शीच्या लोकांना कळलं की इथे माणसं दवाखान्यापर्यंत येतच नाहीत, तर कागद कुठून मिळणार? म्हणून त्यांचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावली, शंका असलेल्यांना तपासणीला आणलं. नोंद करायला गेलेली माणसं जागृती करून आली. परिणाम असा की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. मशीन तेच, डॉक्टर तेच. बदलला तो फक्त मधला काळ. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात पुढे याच प्रकल्पातून १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचा जगभर गाजलेला अभ्यास झाला. परभणीपासून हे सगळं एका दिवसाच्या एस.टी. प्रवासावर आहे.

दुसरं काम मुंबईच्या झोपडपट्ट्यांतलं. १९९८ साली टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं स्तनांची तपासणी करत, अशा चार फेऱ्या. उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती दिली गेली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडणाऱ्यांचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४७ टक्के. मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्की ठरली नाही. पन्नाशी आणि त्यापुढच्या बायकांत मात्र जवळपास ३० टक्के घट झाली आणि ती पक्की ठरली. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही.

हे आकडे मी आहेत तसे दिले, कारण आपल्याकडे चांगल्या कामाचं वर्णन करताना ते फुगवून सांगायची सवय आहे. नियंत्रण गटातल्या बायकांना तपासणी न देणं योग्य होतं का, यावर, विशेषतः याच काळातल्या गर्भाशयमुखाच्या अभ्यासांवरून, कडक वादही झाले आणि ते होणं बरोबरच होतं. शांघायमध्ये २,६६,०६४ गिरणी कामगार बायकांवर झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं की बायकांना स्वतःची तपासणी शिकवल्यानं मृत्यू घटले नाहीत, उलट साध्या गाठींसाठीच्या शस्त्रक्रिया वाढल्या. म्हणून आता तारीखवार, घड्याळ लावून स्वपरीक्षा करा असा आग्रह धरत नाहीत. आपलं शरीर ओळखीचं असू द्या, बदल दिसला की लगेच दाखवा, एवढंच सांगतात. शांघायपेक्षा मुंबईत वेगळं काय होतं? तिथे बाईला एकटीला सोडलं होतं, इथे दुसऱ्या शिकलेल्या बाईचा हात तिच्यापर्यंत गेला आणि पुढची वाटही दाखवली गेली. दोन अभ्यासांची सरळ तुलना शास्त्रीय नाही हे मला मान्य आहे. तरी आत्याच्या गोष्टीत जे कमी होतं ते नेमकं हेच, असं मला वाटतं.

आमच्या जिल्ह्यात, आज

२०१६च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीच्या स्तनांची तपासणी पाच वर्षांतून एकदा प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यानं करायची आहे. आशाताई घरोघरी जो अर्ज भरते त्यात छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, स्तनाच्या आकारात बदल झाला आहे का, हे प्रश्न छापलेले आहेत. म्हणजे बार्शी-मुंबईतून आलेलं शहाणपण कागदावर आलं आहे. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, २०१९-२१मध्ये देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनाची तपासणी कधी तरी झालेल्या होत्या फक्त ०.९ टक्के. शंभरातली एकही नाही.

आमच्या पाथरी-मानवतकडच्या काही आशाताईंशी मी बोलले. एक म्हणाली, "ताई, सासू समोर बसलेली असते, दीर ओसरीवर. 'छातीत गाठ हाये का' कसं विचारू? मी आपलं 'नाही' लिहिते." हा तिचा दोष नाही. अर्ज ओसरीवर भरला जातो आणि उत्तर न्हाणीत असतं. त्यांच्यातलीच दुसरी मात्र हळदीकुंकवाच्या दिवशी, पुरुष माणसं नसताना, चार-पाच जणींना घेऊन बसते. तिच्या गावातल्या तीन बाया एका वर्षात तपासणीला गेल्या. तिघींच्या गाठी साध्या निघाल्या. तिला वाटत होतं, उगीच घाबरवलं. मी तिला म्हटलं, तिघी आता रात्री झोपतात, हे काय कमी झालं?

वाट पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. छत्रपती संभाजीनगरला २०१२पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, परभणीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. ब्रॉडगेज होऊनही तीस वर्षं झाली, मनमाडला गाडी बदलावी लागत नाही. न्हाणीपासून दवाखान्याच्या दारापर्यंतचं अंतर तेवढं अजून जुन्याच मापानं मोजावं लागतं.

२००९ साली माझ्याच हाताला गाठ लागली. मी एवढं वाचलेली बाई, तरी अकरा दिवस कुणाला बोलले नाही. मुलाची परीक्षा होती, कापूस वेचायचा होता, आणि मनात आत्याचंच वाक्य : दुखत तर नाही. बाराव्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. डॉक्टरबाईंनी हातानं बघितलं, सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफीला औरंगाबादला गेले, सुई लावली. सुईला जेवढं दुखलं त्यापेक्षा जास्त अहवालाच्या वाटेकडे बघताना दुखलं. फायब्रोॲडिनोमा निघाला. ती गाठ आजही तशीच आहे.

पुढच्या दिवाळीला मी माझ्या दोन्ही भाच्यांना आणि सुनेला न्हाणीत बसवून ही सगळी हकिकत सांगितली. आत्याचं नाव घेऊन सांगितली. आमच्या घरात तोवर आत्या 'पोटाच्या दुखण्यानं' गेली असंच म्हणायची रीत होती. सून ऐकत होती, काही बोलली नाही. संक्रांतीला ती माहेरी गेली आणि आठ दिवसांनी तिचा फोन आला. तिच्या आईला गाठ होती, चार महिन्यांपासून. दुसऱ्याच दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या.